साडीवरचा पट्टा

आमच्या घरात ‘प्रॅक्टिकल’ या शब्दाचा एकच अर्थ होता. माझ्या लेकीचं, भाविकाचं, बारावीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं, त्या आठवड्यात घरात मिक्सरसुद्धा लावला नव्हता. त्यामुळे मी एक दिवस गॅसपाशी उभ्या उभ्या सांगून टाकलं, की मी प्रॅक्टिकल शूटिंग शिकते आहे, तेव्हा माझ्या जाऊबाई, दगूबाई, भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, “मंग जर्नल कोन लिखी देई? आनि एक्स्टर्नल कोठला येई?”

“जर्नल नही ऱ्हास त्यामा, जिजी. पिस्तूल ऱ्हास.”

“हां. पिस्तूल.” त्यांनी भाकरी उलटली. “तुन्ही भाकर अजून गोल होत नही.”

एवढ्यावर चर्चा संपली. भाकरीचं म्हणणं खरंच होतं.

शिकायला मी गेलेच नव्हते, खरं तर. गेली होती माझी लेक. म्हसावदहून शहाद्याकडे येताना आमची बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. तिची लांबलचक पत्र्याची शेड माझ्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, उदेसिंग गिरासे सरांना वापरायला दिली. सर फौजेतून निवृत्त झालेले, मिशीपासून बुटापर्यंत ताठ. त्यांनी तिथे दर रविवारी पिस्तूल शिकवायला सुरुवात केली. पिस्तुलं छऱ्यांची, बोटाएवढ्या गॅसच्या कांडीवर चालणारी. पहिल्या तुकडीत भाविका होती, आणि तिला स्कुटीवर नेणारी-आणणारी मी. आठव्या रविवारी भाविका म्हणाली, “मम्मी, तुन्ही ती रेंजवर रेंजच नही येत,” आणि मोबाइल घेऊन घरी बसली.

पुढच्या रविवारी दहा वाजता स्कुटी मात्र शेडकडेच वळली. मी नेहमीच्या बाकावर जाऊन बसले.

“पोरगी कुठे?” सरांनी विचारलं.

“नाही आली.”

“मग तुम्ही काय करताय?”

“बसलीय.”

“बसायचं तर घरी बसा, ताई. इथे उभं राहायचं असतं.”

म्हणून उभी राहिले.

एका जागी थांबून एका काळ्या ठिपक्यावर तासभर नेम धरतात, तो खेळ वेगळा. हा प्रॅक्टिकल. कमरेच्या पट्ट्याला म्यान, म्यानात पिस्तूल. बीप वाजला की काढायचं, चालत-पळत या खुणेवरून त्या खुणेवर जायचं, पपईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या माणसांना दोन-दोन छर्रे मारायचे आणि उभे केलेले लोखंडी पत्रे पाडायचे. सगळं घड्याळावर. पत्रा पडला की ‘टण्ण’ होतं. तो आवाज मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काढला, तेव्हा मला इतकं हसू आलं, की सरांनी पिस्तूल खाली ठेवायला लावलं.

हुकूम सगळे इंग्रजीत. सरांनी एकदा त्यांचं मराठी करून पाहिलं होतं. ‘स्टँड बाय’ला ते ‘थांबा’ म्हणाले. बीप वाजला तरी आम्ही पाचही जण थांबूनच राहिलो. तेव्हापासून इंग्रजीच. ‘लोड अँड मेक रेडी’ म्हटलं की पिस्तूल भरून म्यानात ठेवायचं. मग ‘आर यू रेडी?’ यावर मात्र हो म्हणायचं नसतं.

“इथे गप्प म्हणजे तयार,” सर सांगायचे. “तयार नसाल तर तोंड उघडून सांगायचं. नाही सांगितलं तर मी बीप वाजवणार.”

आणि सगळ्यात वरचा नियम: नळीचं तोंड कायम पुढे, लक्ष्यांकडे. डावीउजवीकडे आखलेल्या चुन्याच्या रेघेच्या मागे ते क्षणभर जरी गेलं, तर त्या दिवशी घरी.

मी साडीतच जायचे. पदर डाव्या खांद्यावरून मागे, कमरेला वळसा घालून उजवीकडे घट्ट खोचलेला, त्यावर म्यानाचा पट्टा. डोक्यावर भाविकाची टोपी. आमचे हे, गोपाल, पहिल्यांदा पाहून म्हणाले, “झाशीले चालनी का बँकना पहाराले?”

मला या खेळात काय सापडलं, ते सांगते. बीप वाजल्यापासून शेवटचा पत्रा पडेपर्यंत मला कुणी काही विचारत नाही. चार्जर कुठे, मोटारीची किल्ली कुठे, डाळीत मीठ घातलंस का. तीस-चाळीस सेकंद फक्त. पण माझ्या सेहेचाळीस वर्षांत असे सेकंद मी कधी सलग मोजलेच नव्हते. सर म्हणाले, धुळ्याला सामने आहेत, नाव देऊ का? मी म्हटलं, द्या. मग दोन दिवस मी भाकऱ्यासुद्धा गोल केल्या.

आता जेठांचं सांगायला हवं. माझे जेठ, सुपडू पाटील, या घरातले सगळ्यात मऊ माणूस. पण आमच्या घरात जेठांशी बोलायचं नाही. राग नाही, भांडण नाही, रीत आहे. ते दारात येऊन खोकतात, मी डोक्यावर पदर ओढते आणि पाठ फिरवते. काही सांगायचं झालं तर मधल्या माणसामार्फत. “भाविका, तुन्हा मोठा बाबाले सांग, च्या ठेवेल शे.” ते तिथेच बसलेले असतात, ऐकतात, आणि भाविकाला म्हणतात, “तुन्ही मायले सांग, साखर कमी.” तेवीस वर्षं असं चाललंय. समोरून त्यांना काय म्हणून हाक मारतात, हे मला माहीत नाही. तशी वेळच आली नाही.

शेड त्यांची. एका रविवारी ते सहज आत डोकावले. मी तेव्हा तिसऱ्या खुणेवर, हातात पिस्तूल, समोर दोन पत्रे उरलेले.

दारात खोकला झाला.

माझी पाठ फिरली आणि हात डोक्याकडे गेला. हात उजवा. हातात पिस्तूल. खोचलेला पदर शोधत नळी माझ्या कानाजवळून, टोपीवरून, शेडच्या छताकडून फिरून थेट बाकावर बसलेल्या चार पोरांकडे.

“स्टॉप!”

पोरं बाकाखाली होती. जेठ दारातून केव्हाच गेले होते. सरांनी माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, रिकामं केलं, आणि बाकाकडे बोट दाखवलं. मग जवळ येऊन म्हणाले, “ताई, हा हात अजून तुमचा नाही.”

“सर, सवयीचा आहे.”

“तेच म्हणतोय. पंधरा दिवसांनी नाशिकहून परीक्षक येतायत. त्यांच्यासमोर सुरक्षेची परीक्षा. पास झालात तर धुळे. पण पुन्हा असं झालं तर मीच तुम्हाला या रेंजवर घेणार नाही. शेड तुमच्या घरची असली तरी.”

त्यांचं चूक नव्हतं. बाकाखालून निघालेल्या पोरांकडे मला बघवेना. स्कुटी सुरू करताना मला पहिल्यांदा कळलं, की हे बंद झालं तर मी पुन्हा कधीच असलं काही मागणार नाही. मागायची माझी ताकद एकदाचीच होती.

घरी मी गोपालला सांगितलं आणि त्यानं ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. जेठ ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून खोकणं बंद केलं. पण न खोकता घरात शिरायचं कसं? म्हणून शिरेचनात. जिजी त्यांचं ताट बाहेर नेऊन देऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सायकलची जुनी घंटी शोधून आणली. दाराबाहेर ट्रिंग ट्रिंग वाजवायची आणि आत यायचं. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी घंटी वाजली आणि माझा हात डोक्याकडे.

“आते घंटीवर बी,” जिजी म्हणाल्या. “तू बाई शे का रेल्वेनं फाटक?”

मग आमच्या घरात माझी शाळा सुरू झाली. मी हातात लाटणं धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, गोपालनं दारात खोकायचं, भाविकानं बघायचं. पहिल्या दिवशी लाटण्याला पीठ होतं. माझे केस पांढरे झाले.

“मम्मी, तू आज चार लोके मारात,” भाविका म्हणाली. “पप्पा धरीसन.”

“पप्पाना खोकला खोटा शे,” मी म्हटलं.

“खोटा कसा? दोन दिनफाईन घसा दुखी ऱ्हायना मन्हा!” गोपाल म्हणाला आणि हळदीचं दूध मागितलं.

पाचव्या दिवशी उजवा हात थांबायला लागला. नवव्या दिवशी गोपाल अगदी कानाशी येऊन खोकला तरी लाटणं भिंतीकडेच. जिजींनी लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, “पन तो नवरा शे. नवराना खोकलाले कोन भ्यास?”

मी लाटणं धुऊन ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक सकाळीच आले. गोल चेहऱ्याचे, शांत, हातात पाटी आणि कागद. जिजी खास बघायला आल्या होत्या. माझ्या कानात म्हणाल्या, “एक्स्टर्नल गरीब दिखी ऱ्हायना. घाबरू नको.”

परीक्षक म्हणाले, “मी फक्त हात पाहणार. सूचना दुसऱ्या कुणीतरी द्यायच्या. प्रशिक्षक नको, परीक्षार्थीही नको. घड्याळाचं बटण दाबायचं आणि चार वाक्यं म्हणायची.”

उरले कोण? जिजी आणि गोपाल. आमचे हे छाती काढून पुढे गेले, घड्याळ घेतलं, पहिल्या पोराकडे बघितलं आणि ओरडले, “रेडी, स्टेडी, गो!”

“नाही, नाही,” परीक्षक म्हणाले. “काय म्हणायचं, लक्षात आहे ना?”

“लोड... लोड करा आनि...” गोपाल सरांकडे बघू लागला. सर छताकडे बघू लागले.

आणि मागच्या खिडकीबाहेरून हळू आवाज आला, “लोडन मेक रेडी. मंग आर यू रेडी. मंग इस्टँड बाय.”

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. जेठ. निंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, खिडकीला कान लावून. मला वाटत होतं त्या दिवसापासून ते इकडे फिरकलेच नाहीत. ते तर पहिल्यापासून दर रविवारी तिथेच होते, फक्त दिसायचे नाहीत.

“हे कोण?” परीक्षकांनी विचारलं. “यांना आत बोलवा.”

जेठ आत आले. खोकले नाहीत, ओठ घट्ट मिटून आले. पहिल्या पोराला त्यांनी चारी हुकूम असे म्हटले, की जणू त्याला पपया कशा तोडायच्या ते समजावतायत. दुसऱ्या पोरापर्यंत आवाज चढला. चौथं पोर झालं तेव्हा ते घड्याळ छातीशी धरून उभे होते आणि सरांहून ताठ दिसत होते.

“पुढचं नाव. रुपा पाटील.”

जेठ सरांच्या कानाशी गेले. “उदेसिंग, हाई... गोपालनी घरवाली शे.”

“बरं, मग?” परीक्षक म्हणाले.

नाशिकच्या माणसाला हे सगळं समजावायचं म्हणजे दुपार झाली असती, आणि समजावून झाल्यावर आम्हालाच हसू आलं असतं.

मी खुणेवर जाऊन उभी राहिले. जेठ माझ्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर. इतक्या जवळ ते कधीच उभे राहिले नव्हते. त्यांच्या खिशातल्या तंबाखूचा वास येत होता. समोर पुठ्ठ्याची तीन माणसं आणि चार पत्रे.

“लोडन मेक रेडी.”

पिस्तूल काढलं. भरलं. नळी पुढे. आणि तेवढ्यात पंधरा दिवस दाबून ठेवलेला तो खोकला त्यांच्या ओठांतून सुटला.

उजवा हात हलला नाही. तसूभरही नाही. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. आणि शाबासकी देता देता कळलं, की डावा हात डोक्यावर आहे. त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. तो बिचारा पदर ओढून टोपीवर घेत होता.

मागे परीक्षकांचं पेन थांबलं. बाकावर जिजींनी “आई वो” म्हटलं. मी डावा हात खाली आणला, श्वास घेतला, आणि पिस्तूल म्यानात सरकवलं. हात बाजूला केले.

“आर यू रेडी?”

तेव्हा मला खांद्यावर ओढ जाणवली. डाव्या हातानं ओढला म्हणून खोचलेला पदर सुटला होता. त्याचं टोक उजव्या कमरेवर लोंबलं होतं, आणि पिस्तुलाबरोबर म्यानात गेलं होतं. आता बीप वाजला की मी खेचणार, पिस्तुलाबरोबर पदर येणार, आणि चापात कापड अडकून छर्रा कुठे जाईल ते देवाला ठाऊक. माझ्याच पायात, किंवा हातभर मागे.

गप्प म्हणजे तयार.

बोलायचं होतं. तोंडही उघडलं. पण मध्ये कुणी नव्हतं. भाविका नव्हती, जिजी बाकावर, गोपाल दाराशी. ‘सांग त्यासले’ म्हणायला एक माणूस नाही. हाक तरी काय मारू? तेवीस वर्षांत एक नाव नाही, एक शब्द नाही. समोर पुठ्ठ्याची तीन माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातल्या मधल्याच्या छातीवर ‘नाजूक माल’ असं छापलेलं होतं.

“इस्टँड...” जेठांनी सुरुवात केली.

“मी तयार नही!”

पत्र्याच्या शेडमध्ये ते केवढ्यानं घुमलं. निंबावरचे पक्षी उडाल्याचं ऐकू आलं.

जेठांचं बोट बटणावरून उचललं गेलं. ते गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले, आणि मग त्यांनी जे येत होतं तेच केलं. “उदेसिंग,” ते म्हणाले, “तिले सांग, काही घाई नही शे.”

“मध्ये कुणी नको,” परीक्षक म्हणाले. “नेमबाज आणि तुम्ही. थेट बोला.”

मग, माझ्या खांद्यामागून, अगदी हळू:

“काय व्हयनं, रुपा?”

त्यांना माझं नाव येत होतं.

“पदर अटकना,” मी म्हटलं. “पिस्तूलसंगे. म्यानमा.”

“मंग... धीरे काढ. तोंड पुढे ठेव.” आणि जरा थांबून, “पिस्तूलनं.”

पिस्तुलाचं आणि माझं, दोन्ही तोंडं पुढेच होती. मी बोट चापापासून लांब ठेवून पिस्तूल हळूहळू वर घेतलं. डाव्या हातानं पदर सोडवला. या वेळी तो हात डोक्याकडे गेला नाही, त्याला दुसरं काम होतं. पदर कमरेला गच्च खोचला, वरून पट्टा एक भोक आत ओढला. पिस्तूल परत म्यानात. डोकं उघडं, टोपी तिरकी. मी पाठ फिरवली नव्हती, आणि शेडचं छत जागेवर होतं.

“आर यू रेडी?” जेठांचा आवाज आता पुन्हा पहिल्या पोराच्या वेळेसारखा, समजावणीचा.

मी गप्प राहिले.

“इस्टँड बाय.”

बीप.

पुढचं मला नीट आठवत नाही. पुठ्ठे झाले, दुसरी खूण, तिसरी खूण, टण्ण, टण्ण, एक चुकला, परत, टण्ण. शेवटचा पत्रा तीन छर्रे खाऊनही उभाच. चौथ्याला पडला, तोही जरा विचार करून.

“इफ फिनिश अनलोड अँड शो किलिअर.”

मी पिस्तूल रिकामं करून दाखवलं. नियमाप्रमाणे त्यांनी वाकून नळीत बघायचं असतं. ते वाकले, चष्मा वर केला, चष्मा खाली केला, बघितलं, परत बघितलं. “किलिअर,” म्हणाले.

परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत आले. “एक्केचाळीस सेकंद,” ते म्हणाले. “आज सगळ्यात हळू तुम्ही. धुळ्यालाही बहुतेक शेवटच्याच याल. पण याल.”

जिजींनी मागून विचारलं, “म्हंजे पास शे ना?”

“पास. पदर मी पाहिला होता, ताई. बीप वाजू दिला नसता. पण तुम्ही बोलता की नाही, ते मला बघायचं होतं. हातापेक्षा मी तेच जास्त बघतो.”

उदेसिंग सरांनी माझं नाव लिहिलेला सामन्यांचा अर्ज खिशातून काढला आणि परीक्षकांपुढे सहीला धरला. तो आधीच भरलेला होता.

परतताना आम्ही सगळे पिकअपमध्ये. गोपाल गाडी चालवत, शेजारी जेठ, मागच्या सीटवर जिजी आणि मी. मी डोक्यावर पदर घेऊन खिडकीबाहेर केळी बघत बसले होते. तोंड धुतल्यावर चेहरा उघडा वाटतो, तशी एक लाज वाटत होती. मला वाटलं, संपलं. परीक्षेपुरतं बोललो, आता पुन्हा भाविका, तुन्हा मोठा बाबाले सांग.

पुलाजवळ आल्यावर जेठांनी मान न वळवता, समोरच्या काचेकडे बघत म्हटलं, “तिसरी खूणवर तुन्ही चूक व्हयनी.”

गोपालनं ब्रेक लावता लावता आवरला. “मन्ही?”

“तुन्ही नही. तिन्ही.” मग जरा जोर करून, “रुपा, तुन्ही. पत्रा आधी पाडाना होतात. तू पुठ्ठा कसाले मारात पहिले?”

मी जिजींकडे बघितलं. जिजी बाहेर बघत होत्या, मुद्दाम.

“पुठ्ठा जवळ होता,” मी म्हटलं.

“जवळ होता म्हनीसन काय? पत्रा पडाले टाईम लागस. तो पडी ऱ्हायना तवपावत पुठ्ठा व्हई जास.”

“आनि पत्रा नही पडना तं? मी तठेच उभी.”

“कसा नही पडाव? तू झटका देस बोटले. मी खिडकीमाईन देखस ना दर रविवारे. चारदाव सांगाना इचार करा, पन...”

“तं सांगतात ना!”

हे माझ्या तोंडून इतक्या जोरात गेलं, की पदर खांद्यावर आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. जेठ आता अर्धे मागे वळले होते, एक हात सीटवर टाकून, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं डॅशबोर्डवरच्या धुळीत तीन खुणा आणि चार पत्रे काढायला गोपालला बाजूला सरकवत होते. गोपाल म्हणत होता, भाऊ, माले रस्ता दिखू द्या. जिजी म्हणाल्या, गाडी थांबाड आनि करा काय करनं ते.

गाडी पुलाच्या अलीकडे थांबली. आम्ही खाली उतरून बॉनेटवर पुन्हा सगळं मांडलं, चार खडे पत्र्यांचे आणि तीन काड्या पुठ्ठ्यांच्या. जेठांचं म्हणणं, डावीकडून सुरुवात करायची. माझं म्हणणं, डावीकडून केली तर तिसऱ्या खुणेवर नळी चुन्याच्या रेघेजवळ जाते.

“जात नही,” ते म्हणाले.

“जास,” मी म्हटलं. “तुम्ही उभा ऱ्हाईसन देखा.”

ते उभे राहिले. हात पुढे, बोटांचं पिस्तूल. वळून पाहिलं. बोट मनातल्या रेघेपाशी आलं.

“हां,” ते म्हणाले. “जास.”